रिकामा डबा परत आलाच पाहिजे



सकाळी सीरिअल खाताना खोक्याची बाजू वाचत बसायची सवय पुष्कळ मुलांना असते. तिथे बारीक अक्षरांत एक यादी छापलेली असते : लोह, थायमिन, रायबोफ्लेविन, नायसिन, फॉलिक ॲसिड. पावाच्या पिशवीवर आणि मैद्याच्या पुड्यावरही हीच नावे सापडतात. या यादीतले एकच नाव आज आपण घेणार आहोत. ते म्हणजे नायसिन, ब गटातले तिसरे जीवनसत्त्व. आपल्याला ते दिवसाला चिमूटभरसुद्धा लागत नाही. पण ते न मिळाल्यामुळे याच अमेरिकेत एके काळी लाखो माणसे आजारी पडली आणि हजारो मेली. त्यांतली बरीचशी माणसे रोज पोटभर जेवत होती, हे विशेष.

पोट भरलेले असून माणूस अन्नावाचून कसा मरतो? हे समजण्यासाठी आधी पेशीच्या आत जावे लागेल. आम्ही संगणकाच्या धंद्यातली माणसे, जीवशास्त्रातली नव्हे. पण कुठलाही कारखाना पाहिला की माल कुठून येतो, कुठे जातो आणि कुठे अडतो हे शोधायची आम्हाला सवय आहे. पेशीकडेही त्याच नजरेने पाहू.

पेशीतले कामगार

आपले शरीर लक्षावधी कोटी पेशींचे बनलेले आहे. आपण खाल्लेली पोळी, भात, बटाटा यांची पोटात साखर होते. या साखरेला ग्लुकोज म्हणतात. ती रक्तातून प्रत्येक पेशीत पोहोचते आणि तिथे तिच्यातून ऊर्जा काढली जाते. पेशीत चालणाऱ्या या सगळ्या घडामोडींना मिळून चयापचय असे नाव आहे.

चमचाभर साखर गॅसवर धरली तर ती भडकन जळते आणि सगळी उष्णता एकदम बाहेर पडते. पेशीला असे करून चालणार नाही. ती साखर हळूहळू, एकेक पायरी करून मोडते. प्रत्येक पायरीवर एक वेगळा कामगार असतो. त्याला एन्झाइम म्हणतात, मराठीत विकर. विकरे ही मोठाली प्रथिने असतात आणि प्रत्येकाला एकच काम येते.

पण कित्येक विकरांना एकट्याने काम जमत नाही. त्यांना एक छोटा मदतनीस लागतो. तो म्हणजे सहविकर, इंग्रजीतला कोएन्झाइम. ‘सह’ म्हणजे सोबत. सहप्रवासी, सहकारी, तसाच हा सहविकर. नायसिनपासून शरीर जो सहविकर तयार करते त्याचे नाव आहे निकोटिनामाइड ॲडेनाइन डायन्यूक्लिओटाइड. मुलांनो, घाबरू नका. शास्त्रज्ञही त्याला नुसते ‘एनएडी’ म्हणतात. आपणही तेच म्हणू.

डबेवाल्याचा हिशोब

एनएडीचे काम सांगायला मुंबईच्या डबेवाल्यांसारखी दुसरी उपमा नाही. ज्या मुलांनी डबेवाले पाहिले नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सकाळी डबेवाला घरोघर जाऊन भरलेले डबे गोळा करतो. लोकलने ते ऑफिसांत पोहोचतात. दुपारी रिकामे झालेले डबे तो परत गोळा करून घरी आणून देतो. दुसऱ्या दिवशी तेच डबे पुन्हा भरतात. समजा, एक दिवस सगळे डबे ऑफिसातच राहिले, तर दुसऱ्या दिवशी घरी स्वयंपाक तयार असूनही तो पाठवायचा कशात?

पेशीत असेच चालते. साखर मोडताना तिच्यातून इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. साखरेतली ऊर्जा मिळते ती या इलेक्ट्रॉनांच्या रूपाने. पण इलेक्ट्रॉन सुटे ठेवता येत नाहीत, त्यांना भांडे लागते. एनएडी हा तो रिकामा डबा. विकर त्यात एका वेळी दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा गाभा, भरते. मग त्याला एनएडीएच म्हणतात. हा झाला भरलेला डबा.

डब्यातला माल जातो पेशीतल्या वीजघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात. तिथे इलेक्ट्रॉन एकेक पायरी खाली उतरत जातात. धरणाचे पाणी खाली येताना चक्र फिरवते, तशी या उतरण्यातून ऊर्जा मिळते, आणि ती एटीपी नावाच्या रेणूत साठवली जाते. स्नायू, मेंदू, हृदय सगळे याच एटीपीवर चालतात. सर्वांत खालच्या पायरीवर इलेक्ट्रॉनांची वाट पाहत असतो ऑक्सिजन. तो त्यांना घेतो आणि त्याचे पाणी होते. आपण श्वास का घेतो, याचे उत्तर इथे आहे. ऑक्सिजन नसेल तर डबे रिकामे होत नाहीत, आणि डबे रिकामे झाले नाहीत तर वीजघर थांबते.

उपमा एका जागी थोडी तुटते. मायटोकाँड्रियाच्या बाहेर भरलेला डबा स्वतः आत जात नाही. दारातच त्याच्यातला माल दुसऱ्या वाहकाला दिला जातो आणि डबा मागे फिरतो. पण नियम बदलत नाही : रिकामा डबा परत आलाच पाहिजे.

अठरा किलोंचे गणित

हायस्कूलमधल्या मुलांनी कॅल्क्युलेटर घ्यावा. हे डबे किती वेळा फिरतात याचा ढोबळ हिशोब आपण मांडू.

मोठा माणूस नुसता बसून असला तरी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. म्हणजे दिवसाला ३६० लिटर. २२.४ लिटर वायू म्हणजे एक मोल. ३६० ला २२.४ ने भागले की सुमारे १६ मोल येतात. ऑक्सिजनचा एक रेणू चार इलेक्ट्रॉन घेतो आणि एका डब्यात दोन मावतात. तेव्हा डब्यांच्या खेपा झाल्या ३२ मोल. ग्लुकोज जळताना दर १२ खेपांतल्या १० एनएडी करतो. उरलेल्या दोन रायबोफ्लेविनपासून बनलेला दुसरा सहविकर करतो. म्हणून एनएडीच्या वाट्याला आल्या सुमारे २७ मोल. एक मोल एनएडीचे वजन ६६३ ग्रॅम. २७ गुणिले ६६३ म्हणजे जवळजवळ १८ किलो.

एनएडी हा ‘वापरा आणि फेका’ डबा असता, तर शरीराला दिवसाला अठरा किलो एनएडी लागले असते! प्रत्यक्षात साऱ्या शरीरात ते असते काही ग्रॅम. आणि आहारात नायसिन किती हवे? अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला १६ मिलिग्रॅम, स्त्रीला १४, आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलामुलींना १२ मिलिग्रॅम. म्हणजे तेच ते थोडेसे डबे दिवसातून हजारो वेळा भरतात आणि रिकामे होतात.

आता एखादा चौकस मुलगा विचारील, की डबे परत येतात तर रोज नवे नायसिन कशाला? कारण एनएडीला दुसरीही कामे असतात. उदाहरणार्थ, पेशीतल्या डीएनएला इजा झाली की ती दुरुस्त करणारी काही विकरे एनएडीचे तुकडे करून वापरतात. तिथे डबा रिकामा होत नाही, मोडतो. मोडलेल्या डब्यांचा काही भाग शरीर पुन्हा जुळवते, पण काही लघवीवाटे निघून जातो. तेवढीच तूट आहारातून भरावी लागते.

दही आंबट का होते?

ऑक्सिजन नसेल तर डबे रिकामे कसे करायचे? यावर निसर्गाने काढलेली युक्ती आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते.

कोमट दुधात विरजण लावले की त्यातले जिवाणू दुधातली साखर मोडू लागतात. डबे भरतात. पण या जिवाणूंपाशी ऑक्सिजनवर चालणारे वीजघर नसते. मग ते काय करतात? साखर अर्धवट मोडून जो पदार्थ उरला, त्याच्यावरच डबे ओततात. त्या पदार्थाचे नाव पायरुव्हेट. इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचे लॅक्टिक ॲसिड होते. जिवाणू ते बाहेर टाकतात, दूध आंबट होते आणि त्याचे दही लागते. म्हणजे दह्याचा आंबटपणा ही जिवाणूंनी डबे रिकामे केल्याची खूण आहे! यात नफा मात्र थोडा. एका ग्लुकोजमागे या वाटेने दोनच एटीपी हाती लागतात. ऑक्सिजनच्या वाटेने सुमारे तीस मिळतात.

यीस्टची तऱ्हा थोडी निराळी. ते पायरुव्हेटमधून आधी कार्बन डायऑक्साइड काढते आणि मग डबे रिकामे करते. त्यात अल्कोहोल तयार होते. पाव फुगतो तो त्या वायूमुळे. अल्कोहोल भट्टीत उडून जाते.

शाळेच्या मैदानावर शंभर मीटर जीव खाऊन पळताना आपल्या पायांचे स्नायूही दह्यातल्या जिवाणूंचीच युक्ती वापरतात. त्यांना इतक्या घाईने ऊर्जा हवी असते की ऑक्सिजनची वाट पुरी पडत नाही. तयार झालेले लॅक्टेट रक्तातून यकृताकडे आणि हृदयाकडे जाते आणि तिथे पुन्हा उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी पाय दुखतात त्याचा दोष मात्र त्याला देऊ नका. तोवर ते केव्हाच संपलेले असते.

यीस्टच्या रसात काय सापडले

या डब्याचा शोधही यीस्टमधूनच लागला. १८९७ साली जर्मनीत एडुआर्ड बुखनर यांनी दाखवले की यीस्ट चेचून काढलेला रस, त्यात एकही जिवंत पेशी नसली तरी, साखर आंबवतो. पुढे १९०६ साली लंडनमध्ये आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांनी तो रस जिलेटिन लावलेल्या बारीक गाळणीतून गाळला. मोठे रेणू वर राहिले, छोटे खाली आले. नुसत्या वरच्या भागाने साखर आंबेना. नुसत्या खालच्यानेही आंबेना. दोन्ही एकत्र केल्यावर काम पुन्हा सुरू झाले! आणखी गंमत अशी की यीस्टचा रस उकळला तर त्यातली विकरे मरत, पण छोट्या रेणूंची मदत करायची शक्ती शाबूत राहत असे. त्या छोट्या रेणूंमध्ये आपले एनएडी होते. या कामासाठी हार्डन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांच्यासोबत मिळाले. या डब्याचा इलेक्ट्रॉन धरणारा भाग निकोटिनामाइड आहे, हे पुढे १९३० च्या दशकात ओटो वारबुर्ग यांच्या कामातून कळले.

पोट भरलेले, तरी आजारी

आता वळू अमेरिकेच्या दक्षिणेकडे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. ऊन लागते त्या भागावर, म्हणजे हात, मान आणि चेहऱ्यावर कातडी लाल होऊन सोलत असे. मग जुलाब, मग भ्रम आणि शेवटी मृत्यू. सुमारे १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत या रोगाने सुमारे एक लाख माणसे दगावली असा अंदाज आहे.

बहुतेकांना वाटे की हा जंतूंचा रोग आहे. १९१४ साली सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरांना चौकशीसाठी पाठवले. हे गोल्डबर्गर लहानपणी आईवडिलांबरोबर युरोपातून न्यूयॉर्कला आले होते. अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत फिरताना त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. रोग होई तो तिथे ठेवलेल्यांना, नोकरवर्गाला नाही. जंतू असा निवडून कसा धरील? फरक होता ताटात. गरिबांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी, आणि वर्षभर तेच. गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतल्या अनाथालयांत मुलांना दूध, अंडी, मांस आणि शेंगांचे दाणे द्यायला लावले. पेलाग्रा नाहीसा झाला.

तरी लोकांना पटेना. १९१५ साली एका तुरुंगाच्या शेतावर, शिक्षा माफ करण्याच्या बोलीवर, अकरा निरोगी कैद्यांना महिनोन्‌महिने तोच निकृष्ट आहार दिला. सहा जणांना पेलाग्राची लक्षणे दिसली. असा प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. १९१६ साली तर गोल्डबर्गर यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी रोग्यांचे रक्त स्वतःला टोचून घेतले आणि त्यांच्या कातडीच्या खपल्या गिळल्या. त्यांच्या पत्नी मेरी यांनीही रक्त टोचून घेतले. कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

एवढे होऊनही अडचण उरलीच. पेलाग्राचे मूळ जंतूत नसून गरिबीत आहे, हे ऐकायला दक्षिणेतल्या बड्या लोकांना आवडत नव्हते. ज्याला दूध घ्यायला पैसे नाहीत त्याला ‘दूध प्या’ म्हणून काय उपयोग? म्हणून गोल्डबर्गर स्वस्त उपाय शोधत राहिले, आणि तो त्यांना सापडला दारूच्या कारखान्यातल्या यीस्टमध्ये! १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला तेव्हा रेड क्रॉसने पूरग्रस्तांना हेच यीस्ट वाटले. यीस्टमध्ये नेमके काय आहे हे कळायच्या आत, १९२९ साली गोल्डबर्गर वारले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनरॅड एल्व्हेम यांनी दाखवले की पेलाग्रासारखाच आजार झालेली कुत्री नायसिनने बरी होतात. लवकरच माणसेही बरी झाली. हार्डन यांना यीस्टच्या रसात सापडलेला मदतनीस आणि गोल्डबर्गर यांना यीस्टमध्ये सापडलेला उपाय यांच्या मुळाशी एकच पदार्थ होता.

त्या रोग्यांच्या पोटात मका होता, म्हणजे साखर होती, ऊर्जा होती. नव्हते ते डबे. कातडी आणि आतडे यांच्या पेशी भराभर नव्या होतात, मेंदूला ऊर्जा सतत लागते. तुटवड्याचा फटका आधी त्यांनाच बसला. पुढे १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत पावात आणि मैद्यात नायसिन घालायला सुरुवात झाली, आणि लोकांचे खाणेपिणेही सुधारत गेले. पेलाग्रा इथून जवळजवळ गेला. पावाच्या पिशवीवरच्या त्या बारीक अक्षरांमागे एवढा इतिहास आहे.

चुन्याची निवळी आणि ज्वारीची भाकरी

मका तर मेक्सिकोत हजारो वर्षे खातात. तिथे असे का झाले नाही? कारण तिथल्या बायका मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. मक्यात नायसिन असते, पण ते इतके घट्ट बांधलेले असते की आपल्या आतड्याला सुटत नाही. चुन्याने ते सुटते. कोलंबसानंतर मका युरोपात गेला, चुन्याची युक्ती मात्र मागे राहिली. म्हणून स्पेन आणि इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांत पेलाग्रा पसरला. नावही इटालियनच आहे, अर्थ ‘खरखरीत कातडी’.

हा रोग आपल्या दख्खनमध्येही दिसला आहे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरीब लोकांतल्या पेलाग्राचा अभ्यास करून १९६० साली तो प्रसिद्ध केला. ज्वारीतल्या ल्यूसीन नावाच्या घटकामुळे हे होत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर पुढे बरीच चर्चा झाली. पण याचा अर्थ भाकरी वाईट असा मुळीच नाही. नुसती भाकरीच मिळणे वाईट. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असली तर शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे बारा मिलिग्रॅम नायसिन असते. पिठले, डाळ, ताक यांतल्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅन असते आणि त्यापासून शरीर स्वतःच थोडे नायसिन बनवते. आपल्या आज्यांनी भाकरीशेजारी जे वाढले, ते या हिशोबानेही चोख होते.

पालकांसाठी दोन शब्द

‘व्हिटॅमिनने शक्ती येते’ असे जाहिराती सांगतात. जीवनसत्त्वात स्वतःची शक्ती नसते, शक्ती अन्नात असते. डबे पुरेसे असले की आणखी डबे विकत आणून स्वयंपाक वाढत नाही. हल्ली एनएडी वाढवून तारुण्य टिकवणाऱ्या गोळ्या विकायला आहेत. त्यांनी रक्तातले एनएडी वाढते असे दिसले आहे, पण माणसाचे आयुष्य वाढते असे सिद्ध झालेले नाही. नायसिनचे मोठे डोस तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत. शाकाहारी घरांनी मात्र बी-१२ कडे लक्ष द्यावे. तेही सहविकराचेच काम करते, आणि डाळी-भाज्यांत ते मिळत नाही.

घरी करून पाहा

मोठ्या माणसाला सोबत घ्या. तीन लहान बाटल्यांत सारखेच कोमट पाणी घ्या. पहिल्या बाटलीत एक चमचा यीस्ट आणि एक चमचा साखर घाला. दुसरीत नुसते यीस्ट घाला. तिसरीत पाण्यात उकळून गार केलेले यीस्ट आणि साखर घाला. तिन्ही तोंडांवर फुगे चढवून तासभर उबेत ठेवा.

पुढच्या रविवारी ही उत्तरे वहीत लिहून आणा :

१. कोणता फुगा सर्वांत जास्त फुगला? त्यात कोणता वायू आहे?

२. तिसऱ्या बाटलीत साखर आहे आणि डबेही आहेत. मग काय नाही?

३. तुमच्या घरातल्या कोणत्या तीन वस्तूंवर ‘नायसिन’ लिहिले आहे? आणि न लिहिताही ज्यांत नायसिन असते असे तीन पदार्थ आजीला किंवा आईबाबांना विचारून शोधा.